बीटीएसच्या चित्रीकरणस्थळांची एका दिवसाची सहल: गाडी, गाईड आणि घड्याळ

कोरियन पॉपगट बीटीएसच्या अल्बमच्या फोटोंमधला, समुद्राकडे पाठ करून उभा असलेला तो बसथांबा सोलमध्ये नाही. तो पूर्व किनाऱ्यावर, जुमुन्जिनजवळच्या ह्यांगहो किनाऱ्यावर आहे. सोलहून रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर. 'स्प्रिंग डे' या गाण्याच्या व्हिडिओतलं बर्फाळ स्टेशन म्हणजे यांगजूमधलं इरयोंग. ते सोलच्या वायव्येला, शहराच्या मध्यापासून तासाभरावर. आणि 'बटर' या अल्बमच्या फोटोंमधला पिवळा-निळा किनारा म्हणजे साम्चॉकचा मेंगबांग, बसथांब्यापासून आणखी सव्वा तास दक्षिणेला. तिन्ही जागा एकाच दिवसात दाखवणारी पॅकेजेस विकली जातात. घेऊ नका. त्यात आठ-नऊ तास गाडीत जातात आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटांत 'चला, चला' सुरू होतं.

नियम साधा आहे: एक दिवस, एक दिशा. पूर्वेला जायचं असेल तर खासगी गाडी आणि गाईड यांचे पैसे वसूल होतात. वायव्येला जायचं असेल तर बहुतेकांना गाईडची गरजच नाही. म्हणून आधी दिशा ठरवा, मग गाडी.

आधी बघा की तिथे आज काय उरलंय

चाहत्यांच्या याद्यांमधली निम्मी माहिती जुनी असते, आणि सगळ्यात जास्त हिरमोड इथेच होतो.

ह्यांगहोचा बसथांबा खरा थांबा कधीच नव्हता. २०१७ च्या 'यू नेव्हर वॉक अलोन' या अल्बमच्या फोटोंसाठी तो उभारला होता आणि काम झाल्यावर काढून टाकला. लोक जागा शोधत येऊ लागले, तेव्हा २०१८ मध्ये गांगनुंग शहराने तसाच थांबा पुन्हा बांधला. तिथे बस थांबत नाही. वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. मेंगबांगलाही २०२१ च्या फोटोंनंतर छत्र्या, आरामखुर्च्या, व्हॉलीबॉलची जाळी असा देखावा लावला गेला होता. पण असे देखावे कायमचे नसतात. ते वाऱ्याने मोडतात, परवानग्यांच्या प्रश्नांवरून निघतात, पाट्या बदलतात. म्हणून बुकिंगच्या आधी नेव्हर मॅप या कोरियन नकाशा-अ‍ॅपवर त्या जागेचं कोरियन लिपीतलं नाव टाका आणि लोकांनी गेल्या महिनाभरात टाकलेले फोटो बघा. पर्यटन खात्याच्या पानावरचा फोटो पाच वर्षांपूर्वीचा असू शकतो. परवा जाऊन आलेल्या माणसाचा फोटो खोटं बोलत नाही.

मेंगबांगबद्दल आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. किनाऱ्याजवळ कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र उभं राहिलंय आणि त्याच्या बंदराच्या कामामुळे वाळू वाहून जाते, अशी तक्रार आहे. या किनाऱ्यासाठी के-पॉपच्या चाहत्यांनीच मोहीम चालवली होती. फोटोतली चौकट अजून जमते, पण कॅमेरा थोडा वळला की वेगळंच चित्र दिसतं. देखावा नसेल, तर फक्त मेंगबांगसाठी येता-जाताचे अडीच तास घालवणं आमच्या मते महाग पडतं. 'बटर' हाच ज्यांचा अल्बम आहे, त्यांनी मात्र जावं.

इरयोंगचं प्रकरण उलटं आहे. इथून जाणाऱ्या ग्योवे या रेल्वेमार्गावरची प्रवासी गाडी २००४ मध्ये बंद झाली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'स्प्रिंग डे' आलं तेव्हा हे स्टेशन ओसाड होतं, आणि पुढची काही वर्षं चाहते रुळांवर झोपून, रुळाला कान लावून फोटो काढत. ११ जानेवारी २०२५ पासून या मार्गावर पुन्हा गाड्या धावू लागल्या. आता रुळावर उतरणं धोक्याचं आहे आणि बेकायदाही. जुना लेख वाचून 'रुळावर चालायला मिळतं' असं कोणी सांगितलं, तर त्याला ही तारीख सांगा. फोटो फलाटावरून, पिवळ्या रेषेच्या आतून.

इरयोंग: गाईडशिवाय

मेट्रोच्या तीन नंबर लाईनने देगोकला जा. तिथे ग्योवे मार्गाची गाडी पकडा. देगोक, वॉन्नुंग, मग इरयोंग. हीच गाडी पुढे जांगहुंग, सोंगचू करत उइजोंगबूला जाते आणि तिथे मेट्रोची एक नंबर लाईन मिळते. म्हणजे एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परतता येतं. मार्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा भाडं अंतर न बघता सरसकट २,६०० वॉन होतं. अडचण एकच: फेऱ्या कमी आहेत. मुंबईच्या लोकलची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. आधी परतीची गाडी ठरवा, मग जाण्याची. स्टेशन छोटं आहे, पाऊण तासात बघून होतं. गाडी चुकली तर मात्र पुढच्या गाडीपर्यंत करण्यासारखं तिथे फारसं काही नाही.

याच दिवसाला ग्योंगबोकगुंग राजवाडा जोडता येतो, कारण त्याचं स्टेशनही तीन नंबर लाईनवरच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या कार्यक्रमासाठी बीटीएसने इथे दोन गाणी सादर केली: 'आयडॉल' मुख्य सिंहासनगृहासमोर म्हणजे गुन्जोंगजोनच्या अंगणात आणि 'मिक्रोकॉस्मॉस' तळ्यातल्या ग्योंगह्वेरू मंडपात. तिकीट ३,००० वॉन, हानबोक हा कोरियन पारंपरिक पोशाख घातला तर प्रवेश फुकट. मंगळवारी राजवाडा बंद असतो. हा मंगळवार विसरल्यामुळे जितक्या सहली फसतात, तितक्या पावसामुळे फसत नाहीत.

पूर्व किनारा: गाडी कशी ठरवायची

चार किंवा जास्त माणसं असतील तर खासगी गाडी परवडते, कारण भाव माणशी नसून गाडीचा असतो. दोघंच असाल तर दोन पर्याय आहेत. एक, सकाळी सोलहून निघणारी गटाची सहल: स्वस्त, पण प्रत्येक ठिकाणी वेळ मोजून मिळतो. दुसरा पर्याय आम्हाला जास्त पटतो. केटीएक्स या वेगवान रेल्वेने गांगनुंगपर्यंत जायचं (सोल स्टेशनहून साधारण दोन तास, साध्या वर्गाचं भाडं २७,६०० वॉनच्या आसपास) आणि फक्त तिथल्या चार-पाच तासांसाठी गाडी घ्यायची. शनिवार-रविवारच्या गाड्या लवकर भरतात. आरक्षण महिनाभर आधी उघडतं, तेव्हाच काढून ठेवा.

सोलहून पूर्ण दिवसाची गाडी घेत असाल तर संपर्क साधताना 'बीटीएस टूर' एवढंच लिहू नका. तुमच्या जागा कोरियन नावांसकट लिहा, क्रम लिहा, प्रत्येक ठिकाणी किती वेळ हवा ते लिहा. आणि पुढच्या प्रश्नांची लेखी उत्तरं घ्या:

– भावात किती तास आहेत? साधारण दहा तास धरलेले असतात. घड्याळ तुमच्या हॉटेलपाशी सुरू होतं की त्यांच्या गॅरेजपाशी?
– वरच्या प्रत्येक तासाचे किती?
– टोल, पार्किंग, डिझेल आणि ड्रायव्हरचं जेवण आत आहे की वेगळं?
– ड्रायव्हर आणि गाईड एकच माणूस आहे का? असेल तर गाईडचा परवाना आहे का?
– हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की तारीख बदलून?
– सहा वर्षांखालचं मूल आहे. लहान मुलांची सुरक्षा-सीट मिळेल का? (कोरियात ती सक्तीची आहे.)

परवान्याचा प्रश्न उगाच नाही. कोरियात परदेशी पर्यटकांना फिरवणाऱ्या गाईडला सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि ओळखपत्र गळ्यात घालावं लागतं. नुसता इंग्रजी येणारा ड्रायव्हर म्हणजे गाईड नव्हे. तो गाडी चांगली चालवेल, पण खानावळीत माशाचं पाणी न घातलेलं जेवण मिळवून देणं, किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्याशी बोलणं, गर्दीत रांग लावणं ही कामं तो करेलच असं नाही.

गाडीची नंबरप्लेट मात्र तुम्ही स्वतःच तपासू शकता. आपल्याकडच्या टॅक्सीसारखीच तिथेही भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची प्लेट पिवळी असते. रेंटल कंपनीच्या गाडीची प्लेट पांढरी, पण त्यावरचं अक्षर 'हा', 'हो' किंवा 'हॉ' असतं. पांढरी प्लेट आणि यांपैकी कोणतंच अक्षर नाही, तर ती कोणाची तरी घरची गाडी आहे. अपघात झाला तर विमा प्रवाशांना हात देईल याची खात्री नाही. स्वस्त भावाचं कारण बहुधा हेच असतं.

सहा-सात जणांना कार्निव्हल किंवा स्टारियासारखी मोठी गाडी लागते. पण सात माणसं आणि सात मोठ्या बॅगा त्यात मावत नाहीत. त्याच दिवशी हॉटेल बदलणार असाल तर आधी सांगा.

बुकिंगचा संवाद चालू असताना वेळेचा हिशेब ठेवा: कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आपल्या दुपारी अडीचला तिथलं ऑफिस बंद व्हायला आलेलं असतं. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. के-ईटीए, म्हणजे व्हिसाशिवाय येणाऱ्यांसाठीची ऑनलाइन परवानगी, ही सोय भारतीयांना नाही. मुंबईत कोरियाचा महावाणिज्य दूतावास आहे. गाडीचे पैसे व्हिसा हातात आल्यावरच भरा, किंवा रद्द करता येईल अशा अटीवर भरा.

दिवसाचा क्रम, आणि तो असाच का

पूर्व किनाऱ्यावर समुद्र पूर्वेला आहे, हे वाचताना हसू येईल, पण फोटोचं सगळं गणित याच्यावर चालतं. बसथांब्याच्या फोटोत मागे समुद्र हवा, म्हणजे कॅमेरा पूर्वेकडे. सकाळी सूर्य समोरून येतो, चेहरे काळे पडतात आणि आकाश पांढरं होतं. दुपारी एकनंतर सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी जातो आणि पाणी निळं दिसू लागतं. बहुतेक तयार सहली सोलहून थेट ह्यांगहो गाठतात आणि साडेदहाला माणसांना उन्हाकडे पाठ करून उभं करतात. क्रम उलटा करा.

मेंगबांगसकट फेरी करायची असेल तर सकाळी सातला निघा. योंगदोंग महामार्गाने (क्रमांक ५०) गांगनुंगकडे, तिथून किनाऱ्याने दक्षिणेला ६५ क्रमांकाने साम्चॉक. मधले थांबे धरून साडेदहा-पावणेअकराला मेंगबांग. किनारा लांब आणि मोकळा आहे, त्यामुळे ऊन समोरून आलं तरी उभं राहण्याची दिशा बदलता येते. पाऊण तास पुरतो. मग उत्तरेला एक तास, गांगनुंगच्या चोदांग भागात जेवण. साडेबारा ते पावणेदोन. तिथून अर्ध्या तासात ह्यांगहो. सव्वादोन ते सव्वातीन हा वेळ फक्त बसथांब्यासाठी ठेवा. नंतर यांगयांगवरून सोल-यांगयांग महामार्गाने (क्रमांक ६०) परत. वाटेत जवळजवळ ११ किलोमीटरचा इन्जे-यांगयांग बोगदा लागतो, देशातला सगळ्यात लांब रस्ताबोगदा. साडेसहाला सोल. एकूण साडेअकरा तास. दहा तासांच्या करारावर दीड तासाचे जादा पैसे लागणार हे आधीच धरा, म्हणजे शेवटी ड्रायव्हरशी हुज्जत नको.

मेंगबांग वगळलात तर सकाळी आठला निघून चालतं. मधल्या वेळात आनमोकच्या कॉफी गल्लीत बसा. गांगनुंगला कॉफीचं वेड आहे आणि त्याची सुरुवात याच किनाऱ्यावरच्या नाणं टाकून कॉफी देणाऱ्या यंत्रांपासून झाली. 'जवळच अमुक मालिकेतला धक्का आहे' असं गाईड सुचवेल. तो योंगजिनचा, २०१६ च्या 'गॉब्लिन' मालिकेतला. गाण्यांशी त्याचा संबंध नाही. दहा-पंधरा मिनिटांची वाट आहे, पण तिथेही रांग असते, आणि दोन रांगांमध्ये तुमचा उजेड निघून जातो. हिवाळ्यात तर ऊन साडेतीनलाच मऊ पडतं आणि पाचच्या सुमारास सूर्य डोंगराआड जातो.

बसथांब्यापाशी

शनिवार-रविवारी रांग लागते, आणि ती शिस्तीने पाळली जाते. तुमचा नंबर आल्यावर दोन-तीन मिनिटांत आवरा. त्यासाठी मूळ फोटो फोनमध्ये आधीच उघडून ठेवा. नेटवर्कच्या भरवशावर नको. सगळ्या गटाने आधी जागा वाटून घ्या: कोण बाकावर, कोण खांबाला टेकून. मूळ फोटोसारखी चौकट हवी असेल तर फोनची रुंद लेन्स वापरू नका. तिने थांब्याच्या कडा वाकड्या होतात आणि मागचा समुद्र लहान दिसतो. दहा-बारा पावलं मागे जा आणि दुप्पट झूम लावा. फोन माणसाच्या कमरेच्या उंचीवर धरा, म्हणजे क्षितिज डोक्यांतून न जाता छपराखाली येतं.

गाईडला फोन देऊन मोकळे होऊ नका. त्याला एक नमुना फोटो काढून दाखवा आणि 'असाच' म्हणा. हे न केल्यामुळे चाळीस फोटो येतात आणि सगळ्यांत पाय कापलेले असतात.

पायात वाळू चालेल असे बूट घाला. वारा जोरदार असतो. एप्रिलमध्येही जाकीट लागतं. टोप्या, बॅनर, छत्र्या उडतात. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय चालत नाही. या किनाऱ्याच्या काही भागांत लष्कराच्या चौक्या आणि कुंपणं आहेत. त्यांचे फोटो काढायचे नाहीत, 'मागे आलं चुकून' हेही चालत नाही. पोहण्याचा हंगाम साधारण जुलै-ऑगस्टचा; बाकीच्या वेळी जीवरक्षक नसतात, म्हणून पाण्यात शिरू नका.

पोटाचं काय

शाकाहारी माणसाचा दिवस इथे खरा बिघडतो. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की मांस काढतात, मासे ठेवतात. मासे काढा म्हटलं की रस्सा मात्र वाळक्या माशांच्या पाण्यातलाच असतो. किमचीतही बहुधा मासळीचा खारवलेला मसाला असतो. म्हणून हे वाक्य कोरियन लिपीत लिहून घ्या आणि दाखवा: 'गोगी, सेंगसन, हेमुल प्पे जुसेयो' (मांस, मासे, समुद्रातलं काही नको). त्याखाली वेगळा प्रश्न लिहा: रश्शात 'म्योलची' आहे का? म्योलची म्हणजे ते छोटे वाळके मासे.

चोदांगला त्यातल्या त्यात बरं जमतं. हा भाग समुद्राच्या पाण्याने घट्ट केलेल्या मऊ टोफूसाठी प्रसिद्ध आहे. पांढरा साधा सुन्दुबू (हाच तो मऊ टोफू) मागवा. तो सोया सॉस घालून भाताबरोबर खातात. लालभडक 'जाम्पोंग सुन्दुबू'ची जाहिरात सगळीकडे दिसेल. त्यात शिंपल्या आणि मांस असतं. बटाट्याच्या गोळ्यांचं सूप आणि कुट्टूच्या पिठाचे थंड नूडल्स ही इथली खासियत, पण दोन्हींचा रस्सा विचारल्याशिवाय घेऊ नका. जुमुन्जिनच्या बाजारात वाळवलेले स्क्विड आणि खेकडे. कोळंबी-सुरमईवर वाढलेल्यांना तिथे तासभरही पुरणार नाही.

महामार्गावरच्या थांब्यांवर भाजलेले छोटे बटाटे आणि उकडलेली कणसं मिळतात. शाकाहाऱ्यांनी तिथेच पोट भरून घ्यावं. अक्रोडाच्या गरम गोळ्यांच्या पिठात अंडं असतं. आणि पिशवीत मेथीचे पराठे, सुकी चटणी असली तर कोणीही हसणार नाही; फक्त गाडीत खायच्या आधी ड्रायव्हरला विचारा, काहींना वास चालत नाही.

बाकीच्या बारीक गोष्टी

गुगल मॅप कोरियात रस्त्याची दिशा नीट दाखवत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या आणि सगळ्या जागा आदल्या रात्री त्यात साठवा. भाषांतरासाठी पापागो हे अ‍ॅप. टीप द्यायची पद्धत नाही. ड्रायव्हरला वाटेत कॉफी पाजलीत तर तेवढं पुरे. बीटीएसच्या सदस्यांची घरं, जुनी वसतिगृहं, घरच्यांची दुकानं यांचा शोध गाईडला करायला लावू नका. चांगला गाईड नकार देईल, आणि जो होकार देईल त्याला दुसऱ्यांदा घेऊ नका. काही अडलं तर १३३० हा पर्यटकांचा मदत क्रमांक आहे, इंग्रजीत चोवीस तास.

तारीख निवडताना सोल्लाल आणि चुसोक हे दोन सण टाळा. अर्धा देश रस्त्यावर असतो. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत योंगदोंग महामार्ग तुंबतो. रविवारी दुपारनंतर सोलकडे येणारा रस्ता वर्षभर तुंबतो, तीन तासांचे पाच होतात. मंगळवार ते गुरुवार सगळ्यात बरे.

जानेवारी-फेब्रुवारीत आदल्या रात्री गांगनुंगचं हवामान वेगळं बघा, सोलचं नाही. समुद्रावरून येणारा वारा तेबेक डोंगरांना अडतो आणि पूर्व बाजूला गुडघाभर बर्फ पडतं. त्याच वेळी सोलमध्ये स्वच्छ ऊन असतं. खिडकीतून बघून 'निघू या' म्हणणारे घाटात अडकतात. पूर्वेला जोरदार बर्फाचा इशारा असेल तर तारीख पुढे ढकला आणि तो दिवस इरयोंगला द्या. तिथे बर्फ असेलच असं नाही, पण देगोकची मेट्रो चालू असते.